पाप, कृपा आणि मुक्ती : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका संकल्पनेचा प्रवास

१

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखनाची नोंद साधारणपणे दोन ठिकाणी होते. एक म्हणजे मुद्रणाच्या आणि गद्याच्या आरंभकाळाचा विचार करताना, आणि दुसरे म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या कवितेचा विचार करताना. पहिल्या ठिकाणी मिशनऱ्यांच्या व्याकरण-कोशांचे ऋण मान्य केले जाते, दुसऱ्या ठिकाणी कवीची फुलामुलांवरची माया वाखाणली जाते. या दोहोंच्या मध्ये जो विचार या साऱ्या लेखनाला चालना देत होता, त्याचा स्वतंत्रपणे मागोवा क्वचितच घेतला गेला आहे. मनुष्य पापाच्या सत्तेखाली आहे, त्या सत्तेतून तो स्वतःच्या कर्तृत्वाने सुटू शकत नाही, आणि सुटका होते ती केवळ ईश्वराच्या कृपेने, असा तो विचार. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा हा गाभा मराठीत आला तेव्हा त्याच्यासाठी नवे शब्द घडविण्यात आले नाहीत. पाप, कृपा, मुक्ती, तारण हे सर्व शब्द मराठीत आधीपासून होते आणि प्रत्येकाच्या मागे काही शतकांचा अर्थव्यवहार होता. नवा विचार जुन्या शब्दांत राहावयास आला म्हणजे काय होते, हा प्रश्न भाषांतरापुरता मर्यादित नाही. तो कथनाचा, आत्मकथनाचा आणि अखेरीस सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो. त्याची एक महत्त्वाची कसोटी १९३८ साली सोलापुरात लागली. प्रस्तुत निबंधाची दिशा त्या घटनेकडे आहे.

२

या विचाराचे मूळ पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. त्या पत्राच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांत पौल पापाविषयी बोलतो तेव्हा तो एखाद्या दुष्कृत्याविषयी बोलत नाही. पाप ही त्याच्या दृष्टीने एक सत्ता आहे, एक धनी आहे. मनुष्य त्या धन्याचा दास आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे टाळावयाचे तेच घडते, हा त्या दास्याचा अनुभव. नियमशास्त्र पापाची ओळख पटवून देते, परंतु त्यातून सोडवीत नाही. सोडविते ती कृपा. तिच्यासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ हा अनुग्रह आणि देणगी या दोन्ही अर्थच्छटा बाळगतो. देणगी असल्यामुळे ती कमावता येत नाही. येथेच पौल एक आक्षेप स्वतःहून उपस्थित करतो : कृपा फुकट मिळत असेल तर मनुष्याने पाप करीतच का राहू नये? त्याचे उत्तर असे, की जो जुन्या धन्याच्या दृष्टीने मेला आहे तो त्याची चाकरी पुढे चालू ठेवू शकत नाही. म्हणजे कृपेने मिळणारे स्वातंत्र्य हे मोकाटपणा नसून धनी बदलणे आहे.

या सिद्धान्ताचे पुढे दोन प्रमुख अर्थ झाले. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात वाद झाला. मनुष्य आपल्या इच्छाशक्तीने पुण्यमार्गावर राहू शकतो हे पेलाजियसचे मत ४१८ सालच्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने अमान्य केले. १५१७ नंतर ल्यूथरने ऑगस्टीनचाच धागा टोकाला नेला. केवळ विश्वासाने, केवळ कृपेने मनुष्य नीतिमान ठरतो, त्यात त्याच्या कृत्यांचा वाटा नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. याला उत्तर देताना ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये असे ठरविले, की आरंभ कृपेनेच होतो, पण मनुष्याची इच्छा त्या कृपेला साथ देते किंवा तिला नकार देते, आणि ती कृपा संस्कारविधींच्या द्वारे वाढते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा युरोपातील वाद परका वाटण्याचा संभव आहे. परंतु हे दोन्ही पक्ष मराठीत आले, आणि वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या वाङ्मयप्रकारांतून आले, हे लक्षात घेतल्यास त्याचे महत्त्व ध्यानी येते. ट्रेंटनंतरची कृपा गोव्यात पुराणाच्या रूपाने आली. कॅल्विनच्या परंपरेतील कृपा मुंबई, अहमदनगर आणि सोलापूरच्या बाजूने गद्य निबंध, कादंबरी आणि आत्मवृत्त यांच्या रूपाने आली. प्रकारांची ही निवड योगायोगाची नाही.

३

ज्या भूमीत हा विचार आला ती कृपेच्या कल्पनेला अनोळखी नव्हती. सोलापूर जिल्ह्यापुरते पाहिले तरी त्याची साक्ष दोन ठिकाणी मिळते. सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी. तलाव खोदविणे, लिंगे स्थापणे या लोकोपयोगी आणि धार्मिक कृत्यांसाठी ते ख्यात झाले. वीरशैव परंपरा अशी, की अल्लमप्रभूंनी सोलापुरास येऊन या बाह्य कृत्यांची मर्यादा त्यांना दाखवून दिली आणि पुढे ते कल्याणच्या शरणमंडळात गेले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आला आहे. कृत्य श्रेष्ठ की प्रसाद श्रेष्ठ, हा प्रश्न सोलापुरात मिशनऱ्यांच्या आगमनापूर्वी सहाशेहून अधिक वर्षे विचारला गेला होता.

दुसरे ठिकाण अर्थातच पंढरपूर. वारकरी संतांच्या वाणीत देव पतितपावन आहे आणि भक्त स्वतःला पतित म्हणवून घेतो. नामाने पापांच्या राशी जळतात. साधनांचा अभिमान गळून पडल्याखेरीज कृपा होत नाही, ही भावना तुकारामांच्या अभंगांत अनेकवार येते. त्यामुळे वारकरी भक्ती आणि ख्रिस्ती कृपा यांत काही भेदच नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरणे आवश्यक आहे. भेद पापाच्या स्वरूपासंबंधी आहे. मराठी मनाला परिचित असलेले पाप हे कृत्य असते आणि त्या कृत्याची नोंद असते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या तीन सदरांत ही नोंद जन्मोजन्मी चालू राहते. देव ती खाती पुसून टाकू शकतो, परंतु ती खाती होती हे गृहीत कायम राहते.

या गृहीताची किंमत मंगळवेढ्याच्या चोखोबांनी मोजली. चोखामेळ्याच्या नावावर असलेल्या काही अभंगांत स्वतःच्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात सांगितले आहे. इतर अभंगांत सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेलाच त्यांनी प्रश्न केला आहे. या दोन भूमिका एकाच संतवाणीत नांदतात. कृपेचा अनुभव आहे आणि त्याच वेळी जन्माचे कर्मफलात्मक स्पष्टीकरणही आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. अनुग्रहाची भाषा आणि बंद दार शतकानुशतके एकमेकांशेजारी राहू शकतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

४

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. नव्याने ख्रिस्ती झालेल्या साष्टीतील लोकांना आपली जुनी पुराणे सोडावी लागली होती. त्यांची श्रवणाची भूक भागावी, ही निकड ग्रंथाच्या आरंभीच मांडली आहे.

येथे प्रकाराची निवड धर्मशास्त्राशी सुसंगत आहे. पुराण हे एकट्याने वाचावयाचे नसते, मंडळीने ऐकावयाचे असते. त्यात वक्ता आहे, श्रोता आहे, फलश्रुतीची अपेक्षा आहे. ट्रेंटच्या शिकवणीतील कृपाही मंडळीच्या विधींतून, श्रवणातून आणि संस्कारांतून हळूहळू वाढणारी आहे. आदिमानवाच्या पतनापासून पुनरुत्थानापर्यंतची दीर्घ कथा ऐकणे हाच कृपेच्या कक्षेत येण्याचा एक मार्ग होतो. स्टीफन्स पापाची कथा सांगतात ती साऱ्या मानवकुळाची कथा म्हणून. कोणा एका श्रोत्याच्या अंतःकरणातील उलथापालथ हा तिचा विषय नाही. शिवाय ‘वैकुंठ’सारखा शब्द ते निःसंकोचपणे वापरतात. पुराणाच्या चौकटीत तो शब्द आपोआप नव्या अर्थाकडे वळेल असा त्यांचा विश्वास दिसतो. जुना शब्द दूषित आहे असे त्यांना वाटत नाही. कथा बदलली की शब्द बदलतो, अशी ही भूमिका म्हणता येईल.

५

दोन शतकांनी परिस्थिती अगदी वेगळी होती. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. १८३१ मध्ये अहमदनगरचे केंद्र सुरू झाले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर हे अमेरिकन मराठी मिशनचे एक प्रमुख ठाणे झाले. हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेत वाढलेले होते. त्या मंडळ्यांत सभासदत्व मागणाऱ्याने आपल्या अंतःकरणात कृपेने काय केले ते इतरांसमोर सांगावे, असा जुना रिवाज होता. पापाची जाणीव, हताशा, शरणागती आणि शांती असा त्या कथनाचा क्रम ठरून गेला होता. मराठीत ‘साक्ष’ या नावाने जो प्रकार रुजला त्याचे बीज येथे आहे.

याच काळात शब्दांचा प्रश्न तीव्र झाला, कारण आता कथेऐवजी वाद होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून जॉन विल्सन यांना उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबाबा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. अशा वादांत हिंदू पक्षाला न पटणारी गोष्ट स्वाभाविकच ही होती, की एकाचे पाप दुसऱ्याने कसे फेडावे? कर्माचा नियम मानणाऱ्याला यात अन्याय दिसत होता. कर्त्याला फळ मिळाले पाहिजे, हीच न्यायाची व्याख्या. कृपा मानणाऱ्याला मात्र त्याच नियमात निराशा दिसत होती. दोन्ही पक्ष ‘पाप’ हा एकच शब्द वापरीत होते आणि दोघांच्या मनात वेगवेगळ्या वस्तू होत्या. एकाच्या मनात खात्यावरची रक्कम होती, दुसऱ्याच्या मनात गुलामाच्या पायातील बेडी.

मराठी बायबलमधील काही प्रतिशब्दांनी हा गोंधळ वाढविला. पौलाच्या लेखी ईश्वराने माणसाला निर्दोष ‘ठरविणे’ हा न्यायालयातील निवाडा आहे. मराठीत त्यासाठी ‘नीतिमान ठरणे’ हा प्रयोग रूढ झाला. परंतु ‘नीतिमान’ हे विशेषण ऐकताच मराठी वाचकाला सदाचरणी मनुष्य आठवतो. जे आचरणाशिवाय मिळते असे सांगावयाचे, त्याचेच नाव आचरणावरून पडले. याउलट ‘तारण’ हा शब्द अधिक भाग्यवान ठरला. त्यात भवसागरातून तरून जाण्याची भक्तिपरंपरेतील प्रतिमा आहे, आणि कर्जासाठी ठेवलेल्या तारणाचा व्यवहारी अर्थही जवळ आहे. ऋणको, सावकार आणि सोडवणूक यांचा अनुभव असलेल्या सोलापूर-नगरकडच्या शेतकऱ्याला हा शब्द वेगळा समजावून देण्याची गरज नसावी.

६

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते स्वतः १८५४ मध्ये बेळगाव येथे ख्रिस्ती झाले होते. पहिली मराठी कादंबरी म्हणून या पुस्तकाचा उल्लेख होतो आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून त्याचे मोल सांगितले जाते. मात्र या दोन गोष्टींना जोडणारा दुवा कृपेच्या सिद्धान्तात आहे, याकडे दुर्लक्ष झाले आहे. हिंदू विधवेच्या छळाला एक तात्त्विक आधार दिला जात असे : पतीचा मृत्यू हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. म्हणजे तिचे दुःख ही तिची शिक्षा. जोवर हा हिशेब मान्य आहे तोवर तिच्याविषयी दया वाटू शकते, परंतु तिच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. शिक्षा भोगणाऱ्यावर अन्याय कसला? यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते आणि गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते, तेव्हा प्रत्येक कहाणीत हा हिशेब थोडा थोडा ढासळत जातो. पुढे तिच्यावरच वैधव्य ओढवते आणि प्रश्न तिच्या घरात येतो. कादंबरीत पाप विधवेच्या पूर्वजन्मातून निघून रूढीकडे आणि रूढी चालविणाऱ्यांकडे सरकते. पापाचा पत्ता बदलणे हे या कादंबरीचे खरे कार्य आहे. कलादृष्ट्या तिच्यात उणिवा पुष्कळ आहेत. उपदेश कथानकाला अनेक ठिकाणी अडवितो. तथापि दुःखाला शिक्षा न मानता अन्याय मानणे ही वास्तववादी कथनाची पूर्वअट आहे, आणि ती अट मराठीत प्रथम पूर्ण करणाऱ्या कृतींत हिची गणना करावी लागेल.

हाच धागा पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्यातून पुढे नेला. १८८७ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी वैधव्य ही पूर्वजन्मीच्या अपराधाची शिक्षा मानली जाते याचा स्पष्ट निर्देश केला आहे. त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले, पुराणे सांगून आणि व्रते करून पुण्य जोडण्यात गेले. दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की धर्मग्रंथ अनेक बाबतींत परस्परविरुद्ध बोलतात, परंतु स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाकारण्यात त्यांची एकवाक्यता आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हा भेद महत्त्वाचा आहे. एक नियमसंहिता सोडून दुसरी स्वीकारणे म्हणजे सुटका नव्हे, हे पौलाचे म्हणणे त्यांनी विद्वत्तेच्या वाटेने नव्हे तर थकव्याच्या वाटेने गाठले.

रमाबाईंची भाषाविषयक भूमिका याच्याशी सुसंगत आहे. प्रचलित बायबलातील संस्कृतप्रचुर धार्मिक शब्द जुन्या धर्माचा वास घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी स्वतः भाषांतर केले आणि साध्या बायकांना कळेल अशी मराठी योजण्याचा प्रयत्न केला. हे बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. स्टीफन्सना वाटले होते की कथा बदलली म्हणजे शब्द बदलतो. रमाबाईंना वाटले की शब्द तसाच ठेवला तर कथा बदलत नाही. संस्कृत शास्त्रांचे ज्ञान असलेल्या आणि त्या शास्त्रांनीच अपात्र ठरविलेल्या स्त्रीने असा निष्कर्ष काढावा, यात नवल नाही. असे असूनही १८९८ मध्ये केडगावच्या आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते ‘मुक्ती’. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा वाचक असलेला हा शब्द त्यांनी दुष्काळातून आणि छळातून वाचलेल्या जिवंत बायकांच्या घराला दिला. शब्दाचा अर्थ कोशाने बदलला नाही, घराने बदलला.

७

नारायण वामन टिळक यांनी नेमकी उलट वाट धरली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांची आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशी भावना प्रसिद्धच आहे. ‘अभंगांजली’त त्यांनी कृपेची भाषा पुन्हा अभंगात आणली, आणि तिच्याबरोबर शरणागती, आईपण, लेकरू, चरण ही सगळी वारकरी शब्दकळा आली. रमाबाईंना जी भाषा बंदिवासाची वाटत होती ती टिळकांना घराची वाटत होती. या भेदाचे कारण केवळ स्वभावात शोधणे अपुरे ठरेल. तुकारामाच्या पुलावरून चालण्याचा अधिकार टिळकांना जन्मतः होता. तो पूल सर्वांसाठी सारखाच खुला होता काय, हा प्रश्न त्यांच्या कवितेत फारसा उमटत नाही. मात्र मिशनच्या पालकत्वाविरुद्ध त्यांनी जे बंड केले आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात जातीपातींच्या आणि पंथांच्या पलीकडे जाणाऱ्या बंधुत्वाची आकांक्षा निश्चित होती.

या प्रश्नाला अधिक थेट उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते. पाप हे लक्ष्मीबाईंना सिद्धान्त म्हणून भेटत नाही, विटाळ म्हणून भेटते. पाणी कोणाच्या हातचे, भांडे कोणी शिवले, चूल कोणाची, या भीतीत त्यांचे पूर्वायुष्य गेले. त्यांच्या कथनात निर्णायक क्षण बाप्तिस्म्याचा नाही, त्याच्या आधीचा आहे. जातिभेद माणसाने केलेले आहेत, देवाने नव्हे, असे त्यांना एकाएकी स्वच्छ दिसते आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय होतो. १९०० मधील त्यांचे धर्मांतर त्यानंतर येते. न्यू इंग्लंडच्या ठरीव साक्षीत असलेली पापाची दीर्घ व्याकुळता येथे नाही. कृपा येते ती भय नाहीसे होण्याच्या रूपाने, आणि तिची खूण म्हणजे पाण्याचा एक घोट. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कृपेच्या सिद्धान्ताला इतके घरगुती आणि इतके अचूक रूप दुसरीकडे क्वचितच मिळाले आहे. ‘स्मृतिचित्रे’ श्रेष्ठ का, याचे उत्तर केवळ विनोदबुद्धीत आणि प्रांजळपणात शोधले जाते. आयात केलेल्या कथनक्रमाला झुगारून स्वतःच्या अनुभवाचा क्रम प्रस्थापित करणे, हेही त्याचे एक कारण आहे.

८

आता सोलापूर. विसाव्या शतकात हे गिरणगाव होते, आणि येथेच ज्यांना कायद्याने गुन्हेगार ठरविले होते अशा जमातींची मोठी वसाहत होती. १८७१ च्या कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये वाढली आणि मुंबई इलाख्यात कैकाडी, पारधी आदी जमातींसाठी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते, आणि तेथील रहिवासी गिरण्यांत कामाला जात. संकल्पनेच्या इतिहासात ही घटना विलक्षण अर्थपूर्ण आहे. कायदा सांगत होता की हा मनुष्य जन्मतः गुन्हेगार आहे. वसाहतीतले प्रवचन सांगत असणार की सर्वच मनुष्ये पापी आहेत आणि कृपा सर्वांना मोफत आहे. पहिले विधान काहींना वेगळे काढते, दुसरे सर्वांना एका रांगेत बसविते. पौलाचा सिद्धान्त गांभीर्याने घेतला तर त्याने त्या कायद्याचा पायाच उखडावयास हवा होता, कारण गव्हर्नर आणि पारधी यांच्यात पापाच्या बाबतीत तो फरक मानीत नाही. प्रत्यक्षात कृपेचा उपदेश आणि कुंपणाची तार शेजारी शेजारी राहिली. पंढरपूरच्या दारापाशी जे घडले होते, त्याचेच हे दुसरे रूप. हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त ठरावयास १९५२ सालचा ऑगस्ट उजाडावा लागला. ‘विमुक्त’ या नावात पुन्हा तोच मुक्तीचा शब्द आहे, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात भारतीय ख्रिस्ती समाजाच्या सभेत बोलले. १९३५ च्या येवले येथील घोषणेनंतर ते कोणता धर्म स्वीकारणार याविषयी सर्वत्र तर्क चालू होते. १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाचे नावच ‘मुक्ती कोन पथे?’ असे आहे. सोलापूरच्या सभेत त्यांनी सांगितले, की धर्मांच्या तौलनिक अभ्यासात बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली. हा गौरव मोठा होता. परंतु त्यापाठोपाठ त्यांनी दोष दाखविले. दक्षिणेत चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो, आणि समाज म्हणून भारतीय ख्रिस्ती लोकांनी सामाजिक अन्यायाच्या निवारणासाठी लढा दिलेला नाही, अशी त्यांची टीका होती.

या भाषणाकडे राजकीय घटना म्हणून पाहिले जाते. त्याकडे कृपेच्या संकल्पनेची समीक्षा म्हणूनही पाहता येते. आंबेडकरांचा आक्षेप ख्रिस्ताच्या शिकवणीला नव्हता. तो असा मांडता येईल : कृपा जर प्रत्येकाच्या अंतःकरणात एकेकट्याने घडणारी घटना असेल, तर अन्यायाच्या सामूहिक रचनेचे काय करावयाचे? एकटा मनुष्य पापमुक्त होऊन त्याच वस्तीत, त्याच दाराबाहेर उभा राहिला, तर ‘मुक्ती’ हा शब्द त्याच्या बाबतीत पुरता खरा ठरतो काय? यमुनेच्या कथेत पापाचा पत्ता व्यक्तीकडून रूढीकडे सरकला होता. ‘साक्षी’च्या परंपरेने तो पुन्हा व्यक्तीच्या अंतःकरणात आणला. सोलापूरच्या सभेत तो पुन्हा समाजाच्या रचनेवर लिहिला गेला.

आंबेडकरांचे अंतिम उत्तर १९५६ च्या धम्मदीक्षेत आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात आहे. तेथे त्यांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले आहे, मोक्षदाता नव्हे. पूर्वजन्मीचे कर्म या जन्मीच्या दुःखाचे कारण असते ही कल्पनाही त्यांनी नाकारली. म्हणजे ज्या हिशेबवहीशी बाबा पदमनजी आणि रमाबाई झगडल्या ती आंबेडकरांनीही फाडली. मात्र ती फाडण्यासाठी त्यांना कृपेची गरज वाटली नाही.

९

या प्रवासातून समीक्षेला उपयुक्त अशा दोन गोष्टी हाती येतात. पहिली अशी, की कृपेचा सिद्धान्त मराठीत आला तो केवळ श्रद्धेचा विषय म्हणून नव्हे, तर कथनाची एक शक्यता म्हणून. दुःख ही शिक्षा नाही, असे म्हणण्याची मुभा त्याने दिली. विधवेची, दुष्काळग्रस्त मुलीची, विटाळाने घाबरलेल्या गृहिणीची कहाणी सांगण्याजोगी झाली ती या मुभेमुळे. पुढे दलित आणि विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी हीच मुभा कोणाच्याही अनुग्रहाशिवाय, हक्क म्हणून घेतली. त्या आत्मकथनांना ख्रिस्ती ‘साक्षी’चे वारस ठरविणे चुकीचे होईल. त्यांची प्रेरणा स्वतंत्र आहे आणि त्यांचा क्रमही उलटा आहे : साक्षीत निवेदक आपल्या पापाची कबुली देतो, आत्मकथनात तो समाजाच्या पापाची साक्ष देतो. परंतु ‘साक्ष’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची आहे. कृपा सर्वांसाठी आहे हे वाक्य पंढरपुरात म्हटले गेले, गोव्यात म्हटले गेले, सोलापूरच्या वसाहतीतही म्हटले गेले असणार. प्रत्येक ठिकाणी ते वाक्य खरे करण्यासाठी कोणाला तरी दार, तार किंवा भाषा यांच्याशी झगडावे लागले. पौलाने स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता, की कृपा मिळाल्यावर मनुष्याने पापात राहावे काय? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवतो : कृपा मिळाल्यावर माणसाला अन्यायात राहू द्यावे काय? पहिल्याचे उत्तर धर्मशास्त्राने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या घोटाने दिले, रमाबाईंनी घर बांधून दिले, आणि सोलापूरच्या सभेत ते ऐकणाऱ्यांकडे मागितले गेले.